नीलव्वांना न सांगितलेलं

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईवडिलांपाशी नाही, मुलांपाशी नाही, दर श्रावणात ज्यांच्या पायाशी बसून पुराण ऐकलं त्या मठातल्या स्वामींपाशीही नाही. गिरिजापाशी — म्हणजे माझ्या बायकोपाशी — तर नाहीच. ती गेल्या उन्हाळ्यात गेली. तिच्यापाशी का बोलता आलं नाही ते ओघात येईल. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय. ओळखीच्या माणसापुढं तोंड उघडायची हिंमत असती तर ती पूर्वीच झाली असती, नाही का?

मी खून केलेला नाही. कुणाच्या घरात शिरून काही उचललं नाही. एका माणसाचं बोलणं दुसऱ्या माणसाला त्याच्या भाषेत सांगितलं — आणि सांगताना बदललं. एवढंच, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं म्हणत आलो. एवढंच?

थांबा. पहिल्यापासून सांगतो.

मी उमरग्याचा. आमचं घर लिंगायत. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि निजामाचं राज्य म्हणून शाळेत उर्दू. तिन्ही भाषा माझ्या तोंडात सारख्याच खेळायच्या, आणि त्याचा मला गर्व होता. वडिलांचं कापडाचं दुकान होतं, पण गादीवर बसून कापड फाडणं माझ्या जिवावर यायचं. मला बोलायला आवडायचं. लोकांनी माझ्या तोंडाकडं बघत ऐकावं, हे आवडायचं. तुळजापूरला कानडी मुलखातून लई लोक येतात. अंबाबाई त्यांच्यातल्या पुष्कळांची कुलदेवता. पण इथं आल्यावर त्यांना ना मराठी कळे, ना उर्दू. ओळखीचे पुजारी असे यात्रेकरू माझ्या हवाली करायचे. आधी देवीचं दर्शन करवायचं, मग ज्यांना हौस असेल त्यांना बैलगाडीनं धाराशिवला न्यायचं, तिथल्या डोंगरातली लेणी दाखवायची, आणि तिथून पुढं तेर. असा माझा फेरा ठरलेला होता.

लेण्यातल्या मोठ्या मूर्तीला मी समोरचा माणूस बघून नाव द्यायचो. कुणी म्हणतात तो बुद्ध, कुणी म्हणतात जैनांचा तीर्थंकर. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर तेही काही वेगळंच सांगायचे. ज्याला जे हवं ते मी द्यायचो. माणूस खूश होऊन जायचा. मला वाटायचं, पाहुण्याला त्याच्या आवडीचं वाढण्यात कसलं आलंय खोटं? बदलून सांगायची सवय तिथंच लागली असेल — पण नको. हे कारण सांगणं झालं. कारणं सांगायची नाहीत असं ठरवून बसलोय.

चन्नप्पा मास्तर आणि नीलव्वा आले ते लढाईच्या दिवसांत. पेट्रोल मिळत नव्हतं. सोलापूरहून येणारी मोटार कोळशाच्या गॅसवर धापा टाकत यायची, आणि चढ आला की लोकांना उतरून चालावं लागायचं. ते दोघं तसेच धुळीनं माखून तुळजापुरात उतरले. म्हैसूर संस्थानातल्या, तुंगभद्रेकाठच्या खेड्यातले. बहीणभाऊ. नीलव्वा थोरल्या. लहान वयात विधवा होऊन माहेरी परतल्या तेव्हा हा भाऊ रांगत होता, आणि पुढं आई गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवला. लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या — त्या कौदी म्हणायच्या — शिवून त्याला शिकवला. तो कानडी शाळेत मास्तर झाला, लग्न न करता राहिला, आणि कुठूनतरी त्याला बुद्धाचं वेड लागलं. धाराशिवची लेणी, आणि तेरमधलं विटांचं त्रिविक्रमाचं देऊळ — ते मुळात बौद्धांचं चैत्य होतं असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं — या दोन जागा त्याला बघायच्या होत्या. बहिणीला डोळे मिटायच्या आधी तुळजापूरची देवी बघायची होती. आधी तुझी देवी, मग माझा बुद्ध, असं दोघांनी आपसात ठरवलं होतं.

नीलव्वा बुटक्या, सावळ्या, हसऱ्या. सुईच्या कामानं बोटांची टोकं खडबडीत झालेली. मला त्या पहिल्या दिवसापासून तम्मा म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. देवीपुढं उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी काही मागितलं नाही, हातही जोडले नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मागच्या लोकांनी ढकललं तरी मान वळवून बघत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, बाई रागीट आहे पण मनानं चांगली आहे. जशी शेजारीण.

लेण्यातसुद्धा तेच. मास्तर त्या मोठ्या मूर्तीपुढं थिजल्यासारखे उभे, डोळ्यांत पाणी. आणि नीलव्वा मला हळूच विचारतात, आपण एवढ्या लांबून बघायला आलो आणि हा डोळे मिटून का बसलाय? मी हसलो. मग रंगात येऊन त्यांना त्या अंधाऱ्या दालनात बसवून पुष्कळ वेळ बोलत राहिलो. खरं सांगतो, अशी माणसं पुन्हा मला मिळाली नाहीत.

आता गिरिजाचं सांगायला पाहिजे.

गिरिजा तेरची. तिच्या वडिलांची तिथं शेंगांची आडत होती. उमरग्यात आमच्या नात्यातल्या एका लग्नात मी तिला पाहिली होती — मांडवात पंगतीला वाढत होती — आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नव्हतं. आमच्या घरचे जंगम, म्हणजे आमचे पुरोहित, मध्यस्थी करत होते. त्यांनी निरोप दिला होता की लातूरहून दुसरं स्थळ येतंय, मुलीच्या वडिलांचं मन तिकडं झुकलंय. तेरच्या बाजाराच्या दिवशी तू त्यांना येऊन भेट, त्या दिवशी ते दुकानी असतात. उशीर केलास तर मला बोल लावू नको. मास्तरांना घेऊन मी जो फेरा आखला होता तो त्या दिवसाच्या हिशेबानंच. लेणी झाली की दुसऱ्या दिवशी तेर. हे मी त्या दोघांना सांगितलं नव्हतं. सांगायचं कारणही नव्हतं, तेव्हा.

लेण्यातून उतरून आम्ही धाराशिवला धर्मशाळेत टेकलो. दिवेलागणीला नीलव्वा म्हणाल्या, कंदिलाभोवती रंगांचं कडं दिसतंय. मास्तर थट्टेनं म्हणाले, देवीनं जाताना दिलेलं असेल. थोड्या वेळानं नीलव्वांच्या उजव्या डोळ्यात कळा सुरू झाल्या. अर्धं डोकं फुटतंय म्हणाल्या. उलट्या झाल्या. उजाडलं तेव्हा डोळा लाल झाला होता आणि त्यातलं बुबुळ धुरकट दिसत होतं. मी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो.

तिथले डॉक्टर हैदराबादकडचे, वयस्क मुसलमान गृहस्थ. त्यांनी डोळा नुसता बघितला नाही, पापणीवरून दोन बोटांनी दाबून बघितला, आणि त्यांचा चेहरा बदलला. डोळ्यात थेंब घातले. मग माझ्याकडं वळले. मास्तरांना ना उर्दू, ना मराठी. डॉक्टरांना कानडी नाही. मधे मी.

ते म्हणाले, "इन को आज के आज सोलापूर ले जाओ. दोपहर की मोटर है. आज का कल नक्को करो." आणि मला नीट कळलं नसेल असं वाटून मोडक्या मराठीत पुन्हा सांगितलं, "डोळा जाईल. सोलापूरला ऑपरेशन होतं. थेंबानं दुखणं कमी होईल, पण डोळा राहणार नाही. समजलं?"

मी समजलं म्हणालो.

नीलव्वा बाकावर बसल्या होत्या, भावाच्या खांद्यावर डोकं टेकून. मास्तर माझ्याकडं बघत होते — लोक नेहमी बघायचे तसंच, माझ्या तोंडाकडं.

मी कानडीत म्हणालो, "प्रवासाचा उष्मा झालाय. हे थेंब घालत राहा म्हणतात. चार दिवसांत उतरेल."

डॉक्टरांनी विचारलं, बरोबर समजावून सांगितलंस ना? मी म्हणालो, जी, सांगितलं. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. मास्तरांनी वाकून त्यांना नमस्कार केला.

झालं. हेच ते. सांगायला लागलो तेव्हा वाटलं होतं, इथवर आलो की मोकळं वाटेल. नाही वाटलं.

तुम्ही म्हणाल, त्यांना मोटारीत बसवून तू एकटा तेरला जायचं होतंस. सोलापुरात कानडी बोलणारी माणसं पावलोपावली होती. त्यांचं माझ्यावाचून अडलं नसतं. हे मला त्या क्षणीही माहीत होतं. मग का नाही केलं? मी हे इतक्या वेळा स्वतःला विचारलंय की उत्तर आता गुळगुळीत झालंय. दुखणाईत बाईला मोटारीत टाकून हा निघून गेला, असं त्यांना वाटलेलं मला नको होतं. मला गिरिजा हवी होती, आणि नीलव्वांचा तम्माही राहायचं होतं. दोन्ही हवं होतं. त्याची किंमत त्यांच्या डोळ्यानं द्यावी लागणार होती, आणि डोळा माझा नव्हता.

थेंबांनी दुखणं खरोखर थोडं उतरलं. मी मनात म्हणालो, बघ, डॉक्टर लोक वाढवून सांगतात. दुपारची मोटार निघाली तेव्हा आम्ही तेरच्या रस्त्याला होतो. बैलगाडीत मी अंथरूण जाड केलं होतं, उन्हाला आडोसा म्हणून त्यांचीच कौदी बांधली होती. मास्तर म्हणाले, पोटचा मुलगा करणार नाही इतकं तू करतोस.

तेरमध्ये मास्तर त्या विटांच्या देवळाभोवती वेड्यासारखे फिरले. मागची भिंत गोलाकार आहे. तिच्यावरून हात फिरवत म्हणाले, हेच, हेच चैत्य, इथं भिख्खू बसले असतील. आत विष्णूची पूजा चालू होती. त्यांनी तिथंही डोकं टेकलं. नीलव्वा बाहेर पारावर बसल्या होत्या, लुगड्याच्या पदराची पट्टी डोळ्याला बांधून. दुखतंय का विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही बघून घ्या, माझं काय, मी माझं बघून आलेय.

मी सगळ्यांना सांगतो तशी तेरच्या त्या कुंभार संताची गोष्ट त्यांना सांगितली. नामात भान हरपलं आणि चिखलाबरोबर पोटचं बाळ पायाखाली तुडवलं गेलं, ती. चांगली सांगितली. त्या रडल्या. पट्टीखालून पाणी आलं, ते मी पाहिलं. पुढं तेरला गेल्यावर कितीदा मी तीच गोष्ट कुणाच्या तोंडून ऐकली आणि उठून बाहेर आलो. त्या कुंभाराला निदान कळलं नव्हतं.

गिरिजाच्या वडिलांना मी दुकानी भेटलो. ते तुटक बोलले. लातूरचं स्थळ मातबर होतं, आणि मी दुकान सोडून यात्रेकरूंमागं हिंडणारा. पण माझ्याबरोबर एक दुखणाईत म्हातारी आहे हे कळल्यावर त्यांच्या बायकोनं आम्हाला घरी बोलावलं. घर कानडी बोलणारं. नीलव्वांना तिथं कितीतरी दिवसांनी बायकांशी बोलायला मिळालं. गिरिजानं त्यांना दूधभात भरवला. आणि नीलव्वांनी — मी काही न सुचवता, त्यांना सगळं कसं कळलं कोण जाणे — गिरिजाच्या आईचा हात धरून सांगितलं, "हा पोरगा परक्या बाईचं आईसारखं करतोय. तुमच्या लेकीला हा कधी डोळ्यांत पाणी येऊ देणार नाही."

मी ओसरीवर होतो. मला ऐकू आलं.

त्या शब्दावर माझं लग्न जमलं. गिरिजाचे वडील पुढं कित्येकदा पाहुण्यांना सांगायचे की जावई निवडला तो एका म्हातारीच्या शिफारशीवर. गिरिजाही सांगायची. डोळ्याला पट्टी बांधलेल्या त्या अव्वा. आमचा संसार चांगला झाला. गिरिजाच्या डोळ्यांत माझ्यामुळं फारसं पाणी आलं नाही, हे खरंच आहे. आता सांगा, हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? तुझं माझं लग्न कशावर उभं आहे ते तुला माहीत नाही, असं?

तेरमध्येच रात्रीत पुन्हा कळा आल्या, पहिल्यापेक्षा वाईट. मग मात्र मी घाई केली. घाई करायला आता माझी हरकत नव्हती. आम्ही परत धाराशिव गाठलं, मोटार पकडली. वाटेत नाक्यावर जकात घेणाऱ्या निजामाच्या करोडगिरीवाल्यांनी गाठोडी सोडायला लावली, तेव्हा मी त्यांच्याशी भांडलो, बाईचा डोळा चाललाय, सोडा म्हणून. मी ओरडत होतो. मास्तर कृतज्ञतेनं बघत होते.

सोलापूरच्या डॉक्टरांनी डोळा तपासला आणि मराठीत विचारलं, किती दिवस झाले? अंधारात बराच वेळ बसल्या होत्या का? अशा डोळ्यात अंधारानं दाब चढतो. दिवसही आणि लेण्यातला अंधारही, मी नीट सांगितलं. मग ते चिडले. म्हणाले, पहिल्या दिवशी आणलं असतं तर वाचला असता, आता यात काही उरलं नाही, कुणी सांगितलं होतं हिंडायला? मास्तरांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, वयामुळं होतं म्हणाले, होणारच होतं.

पहिल्या खोट्याच्या वेळी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं असं एखादा म्हणेल. या वेळी होतं. थंड होतं.

अजून आहे. डॉक्टर शांत झाल्यावर म्हणाले, दुसरा डोळाही याच घडणीचा आहे, आज ना उद्या तोही असाच जाणार. त्याचं ऑपरेशन आत्ताच करून घ्या, दुखत नाही तोवरच. बाईंना नीट समजावा, लोक चांगल्या डोळ्याला हात लावू देत नाहीत.

तुम्हीच विचार करा. हे मी खऱ्या शब्दांत सांगितलं असतं तर मास्तर काय म्हणाले असते? दुखण्याआधी ऑपरेशन केलं तर डोळा वाचतो, मग या डोळ्याचं दुखल्या दुखल्या का नाही केलं? धाराशिवच्या डॉक्टरनं हे का नाही सांगितलं? ते साधे होते, मूर्ख नव्हते. एका वाक्यातून पुढचं वाक्य निघालं असतं आणि माझ्यापर्यंत आलं असतं.

मी म्हणालो, दुसऱ्या डोळ्याकडं लक्ष ठेवा म्हणतात, गावी गेल्यावर सवडीनं कुणाला तरी दाखवा.

जितके दिवस त्या इस्पितळात होत्या तितके दिवस मी त्यांच्या खाटेपासून हललो नाही. जेवण आणायचो, पाय चेपायचो. तिथं कानडी बोलणारी एक आया होती. ती नीलव्वांशी गप्पा मारायला आली की मी काहीतरी काम सांगून तिला पाठवायचो. डॉक्टर येत तेव्हा मी पुढं होऊन उभा राहायचो. वॉर्डातले लोक म्हणायचे, बघा, कोण कुणाचा, आणि किती सेवा करतोय. मी पहारा देत होतो. सेवेसारखा दिसणारा पहारा असतो, हे मला तिथं कळलं.

ते गेले. माझं लग्न झालं. मी यात्रेकरूंचं काम सोडलं आणि वडिलांच्या गादीवर बसलो. लोकांना वाटलं, लग्नानं पोरगा सुधारला. मला आता दोन माणसांच्या मधे उभं राहवत नव्हतं, हे कुणाला सांगणार? दुकानात कुणी मराठी न येणारं गिऱ्हाईक आलं की मी नोकराला पुढं करायचो.

मग रझाकारांचे दिवस आले, रस्ते बंद झाले. निजामाची राजवट गेली, रस्ते पुन्हा मोकळे झाले, आणि एक दिवस मास्तर बहिणीला हाताशी धरून उमरग्यात माझ्या दारात उभे राहिले. विचारत विचारत आले होते. देवीला यायचं होतं, आणि मला भेटायचं होतं. मास्तर वाळले होते. नीलव्वांचे दोन्ही डोळे गेलेले.

गिरिजा त्यांना बघून रडायलाच लागली. पाय धुतले, गरम भाकरी वाढली. मास्तर जेवताना सहज सांगत होते. डावा डोळाही तसाच गेला, अचानक, एका संध्याकाळी. तिकडच्या डॉक्टरनं विचारलं, पहिला गेला तेव्हाच दुसऱ्याचं ऑपरेशन करून घ्या असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का? मास्तर त्याला म्हणाले होते, नाही हो, सांगितलं असतं तर केलं नसतं का? हे सांगून त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काहीच नव्हतं. संशय असता तर बरं झालं असतं.

नीलव्वांना माझा चेहरा बघायचा होता. त्यांनी तो हातांनी बघितला. कपाळ, नाक, गाल. माणूस झालास रे तम्मा, म्हणाल्या. मग माझ्या हातावर हात ठेवून, हवापाण्याचं बोलावं तशा आवाजात त्यांनी विचारलं,

"धाराशिवच्या त्या डॉक्टरानं सोलापूरचं नाव दोनदा घेतलं होतं. बाकी मला काही कळलं नाही, तेवढं कळलं. का रे घेतलं होतं?"

गिरिजा तिथंच जोंधळे निवडत बसली होती. तिचे हात चालू होते. मास्तर ओसरीवर सुपारी कातरत होते. मला वाटतं माणसाला आयुष्यात एकदाच असं दार उघडून दिलं जातं. त्यांनी रागानं विचारलं असतं तर एखादे वेळी मी पाय धरले असते. त्या रागावल्या नव्हत्या. त्या नुसत्या विचारत होत्या, आणि मला वेळ देत होत्या. पुष्कळ वेळ दिला त्यांनी.

मी म्हणालो, "ते तुम्ही सोलापूरवरून आलात का, असं विचारत होते, अव्वा."

"असं होय," त्या म्हणाल्या.

हात मात्र त्यांनी लगेच काढला नाही. थोड्या वेळानं गिरिजाकडं तोंड वळवून तिला विचारलं, पोरं किती, कुणावर गेलीत. पुन्हा तो विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी निघताना माझ्या थोरल्याला मांडीवर घेतलं, गिरिजाच्या डोक्यावर हात ठेवला. मला त्यांनी तम्मा म्हणून हाक मारली नाही. येते, एवढंच म्हणाल्या. कदाचित आदल्या दिवशीच्या त्या प्रश्नापासूनच मारली नसेल. माझ्या ध्यानात आलं ते त्या गेल्यावर.

त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, दवाखान्याच्या बाकावरच अर्धं कळलं असेल. आंधळ्या झाल्यावर बसून बसून उरलेलं कळलं असेल. मग तेरच्या घरात त्यांनी माझ्यासाठी शब्द का टाकला, आणि उमरग्याला येऊन मला विचारायची तसदी का घेतली? की काहीच कळलं नव्हतं, आणि हा सगळा माझा खेळ आहे — त्यांना कळलं होतं असं मानलं म्हणजे माझ्या एकट्याच्या डोक्यावरचं थोडं कमी होतं, म्हणून?

माहीत नाही. हे मात्र माहीत आहे की एका बाईला सुईत दोरा ओवता येत होता, आणि पुढं येईना, आणि ते माझ्यामुळं. देवीनं केलं नाही, वयानं केलं नाही. धाराशिवच्या त्या डॉक्टरांनी आपलं काम चोख केलं होतं. मी केलं. धडधाकट होतो, तीन भाषा येत होत्या, घाबरवणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर त्या पुन्हा आल्या नाहीत. पुढं उमरग्यावरून ट्रकांची रहदारी वाढली, तुंगभद्रेकडचे ड्रायव्हर माझ्या दुकानासमोर चहाला थांबायचे. गावाचं नाव मला पाठ होतं. मास्तर आहेत का, नीलव्वा आहेत की गेल्या, एवढं विचारायला कितीसा वेळ लागला असता? मी कानडीत त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलायचो. ते विचारलं नाही.